रोज सेटिंग विसरणारा रिसिव्हर : आठ महिने वापरल्यावर

पाडव्याला पुण्याच्या आतेभावाकडनं त्याचा जुना 5.1 रिसिव्हर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा ॲम्प्लिफायर) आणला, बारा-तेरा वर्षं वापरलेला, पण आवाज ऐकला आणि बाकी काही विचारलंच नाही. आमचं घर बेळगावच्या शहापुरात, हॉल लांबट, एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला जिना, त्यामुळं माईक लावून स्पीकरचं अंतर आणि लेवल बसवायला अख्खा रविवार गेला. सबवूफर (खर्जाचा स्पीकर) उणे 6 डीबी, क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबकडं जातो तो आकडा, 80 हर्ट्झ, मागचे दोन स्पीकर सव्वा मीटरवर. अण्णांनी कुमार गंधर्वांचं जुनं रेकॉर्डिंग लावलं (कुमारांचा जन्म 1924 चा, इथंच सुळेभावीचा, त्यामुळं अण्णांना ते घरचेच वाटतात), तंबोरा एवढा स्वच्छ ऐकू आला की आई स्वयंपाकघरातनं बाहेर येऊन बसली.

महिनाभर काहीच त्रास नाही. मग वळीव सुरू झाला. वीज कडाडायला लागली की आई टीव्हीसकट सगळ्याचे पिन काढून ठेवते, आणि ते बरोबरच आहे, आमच्या गल्लीत विजेनं टीव्ही गेलेत. पण सकाळी बघतोय तर रिसिव्हरमधलं सगळं पुसलेलं, सगळे स्पीकर एकाच अंतरावर, छोट्या स्पीकरना लार्ज केलेलं (म्हणजे खर्ज पण त्यांच्यावरच), सब शून्यावर, रेडिओची स्टेशनं पण गेली. अंतर चुकलं तर काय होतंय असं वाटेल, पण आवाजाला 1 मीटर कापायला जवळजवळ 3 मिलिसेकंद लागतात, तेवढ्यानं गायकाचा आवाज मधनं यायचा तो एका बाजूला सरकतो आणि लार्जमुळं तबल्याचा डग्गा नुसता फुगतो.

मे-जूनमध्ये मी सात-आठ वेळा सगळं परत बसवलं. फॅक्टरी रिसेट करून झालं, उपयोग शून्य. शेवटी शांतपणे तपासायचं ठरवलं. रिमोटनं स्टँडबाय करून रात्रभर ठेवला तर सेटिंग जागेवर. भिंतीवरच्या बोर्डाचं बटण दहा मिनिटं बंद केलं, तरी जागेवर. दोन तास बंद, साफ गेलं. म्हणजे आत काहीतरी थोडाच वेळ तग धरतंय.

रामदेव गल्लीकडं एक जुने रिपेरीवाले काका आहेत, त्यांना हे सांगितल्याबरोबर त्यांनी विचारलं, "रात्री मेन बंद करतासा काय?" झाकण काढून बटणाएवढा कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा पार्ट) दाखवला, 5.5 व्होल्ट 0.1 फॅरडचा. जुन्या रिसिव्हरमध्ये करंट नसताना मेमरी हाच जगवतो, चांगला असला तर कितीतरी दिवस. आमचा खालनं पाझरलेला, आतल्या सर्किट बोर्डावर हिरवट डाग. काकांनी डाग पुसून तोच नंबरचा नवा घातला, प्लस-मायनस दोनदा बघून. पार्ट अगदी स्वस्तातला, मजुरी धरून एका जेवणाएवढा खर्च. घरी स्वतः उघडायला जाऊ नका, पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर पिन काढल्यावर पण करंट धरून असतात.

सगळ्यांचं कारण हेच असेल असं नाही. माझ्या मित्राचा नवा रिसिव्हर, त्याची मेमरी चिपमध्ये, कपॅसिटरचा संबंधच नाही, पण मित्र तो चालू असतानाच भिंतीवरच्या बटणानं बंद करायचा. काही मशीन स्टँडबायला जातानाच सेटिंग लिहून ठेवतात, तेवढा वेळच त्या रिसिव्हरला मिळत नव्हता. आता आधी रिमोट, मग बटण, तेव्हापासनं बरंय. आणि बऱ्याच रिसिव्हरमध्ये साउंड मोड (स्टिरिओ, सराउंड वगैरे) प्रत्येक इनपुटला वेगळा राहतो, टीव्हीवरनं सीडीला गेलं की आवाज बदलतो आणि माणसाला वाटतंय सेटिंग उडालं, तेवढं आधी बघा.

इन्व्हर्टरवर मात्र मी आमचा लावणं बंद केलंय, साधा स्क्वेअर वेव्हवाला आहे, त्यावर आतला ट्रान्सफॉर्मर भुणभुण करतो, आणि अण्णांना त्या भुणभुणीत तंबोरा चालत नाही.

सगळी सेटिंगं वहीत लिहून रिसिव्हरखाली ठेवलीत. श्रावणात दुरुस्त केला, त्यानंतर आम्ही पाच दिवस गावाला गेलो, पिन काढून. आल्यावर चहा ठेवायच्या आधी मेनू उघडून बघितला, सब उणे 6 वरच होता.