स्वसंरक्षणासाठी पर्समध्ये पेपर स्प्रे (मिरचीचा फवारा) ठेवावा की चाकू?

माझं स्पष्ट मत, स्प्रेच. त्याला लायसन्स लागत नाही आणि लांबूनच मारून पळता येतं. चाकूसाठी समोरच्याच्या अगदी जवळ जावं लागतं, आणि झटापटीत तोच हिसकावून आपल्यावर चालवला तर? शिवाय महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली जमावबंदीसारखे आदेश निघतात ना, तेव्हा नुसता चाकू जवळ सापडला तरी गुन्हा दाखल होऊ शकतो.

पण स्प्रे म्हणजे काहीही केलं तरी चालतं असं समजू नका हं, 2024 मध्ये कर्नाटक हायकोर्टाने स्प्रेला घातक हत्यार म्हणत वापरणाऱ्यांवरची केस रद्द करायला नकार दिला. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत (आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्यात) आहे, पण गरजेपुरताच, हल्लेखोर पळायला लागल्यावर स्प्रे मारला तर तुम्हीच आरोपी ठरू शकता.