लिव्हरच्या ओल्या कडेला ग्लू की पॅच?

खारघरला हॉस्पिटल सुरू करणाऱ्या एका ज्युनियरचा परवा फोन आला. "सर, लिव्हरच्या केसेस घ्यायला लागतोय. फार्मसीवाला विचारतोय, फायब्रिन ग्लूचं किट ठेवू की कोलॅजेनचा पॅच? दोन्ही ठेवायला बजेट नाही." मी तेव्हा तीन हात नाक्याला अडकलो होतो. नेमका मुद्द्यावर आलो आणि सिग्नल सुटला. लिव्हर कापल्यावर झिरपणारं रक्त थांबवायच्या या दोन वस्तूंबद्दल राहिलेलं इथे लिहितो, म्हणजे अजून कुणाला हाच प्रश्न पडला असेल तर उपयोगी पडेल.

उघडी शीर या दोघांपैकी कशानेही बंद होत नाही. हिपॅटिक व्हेनला, म्हणजे लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेला, भोक असेल तर टाकाच घालायचा. लिव्हरकडे येणारं रक्त थोडा वेळ दाबून धरायची, प्रिंगलने 1908 साली सांगितलेली युक्ती अजून चालते, आता 15 मिनिटं क्लॅम्प, 5 मिनिटं मोकळं अशी. लिव्हरमधून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त जातं. तिथे चिकटवाचिकटवीवर भरवसा ठेवणाऱ्याला मी तरी केसमध्ये असिस्ट करणार नाही. आपण बोलतोय ते त्यानंतरचं. टाके झाले, क्लिपा झाल्या, आणि मॉप (रक्त टिपायचं कापड) उचलला की कापलेल्या भागावर घामासारखं रक्त डबडबून येतं, तेवढ्यापुरतं.

दोन्हींचं रसायन एकच. फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन ही रक्त गोठवणारी प्रथिनं एकत्र आली की रक्त गोठण्याची शेवटची पायरी बाहेरच्या बाहेर उरकते, पेशंटच्या स्वतःच्या फॅक्टर्सवर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. सिऱ्होसिसच्या, म्हणजे लिव्हर खराब होऊन कडक झालेल्या, पेशंटमध्ये हे फॅक्टर्सच कमी पडतात, तिथे याची किंमत कळते. फरक आहे तो हातात कसं येतं याचा. ग्लू दोन सिरिंजांत येतो आणि टोकाशी मिसळतो. पॅचमध्ये तेच दोन पदार्थ कोलॅजेनच्या स्पंजावर कोरडे बसवलेले असतात.

मी ग्लूपासून सुरुवात केली. तेव्हा मला तो जास्त शास्त्रशुद्ध वाटायचा. वेड्यावाकड्या, खोलगट जागेतही पोचतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये लांब नळीतून नेता येतो, तिथे आजही मी त्याच्याच बाजूने आहे. मिळायलाही अडचण नाही, ठाणे-बेलापूर रस्त्यावर रबाळ्यालाच मानवी प्लाझ्मापासून तो बनतो.

माझं मन फिरलं ते एका पावसाळ्यात. लिव्हरच्या उजव्या मागच्या भागाची (सेगमेंट सहा-सात) केस होती. क्लॅम्प असतानाच ग्लूचा पहिला थर दिला, छान पांढरट पापुद्रा धरला. क्लॅम्प सोडला, दोन मिनिटं थांबलो, मॉप उचलला, तर एका कोपऱ्यातून पुन्हा झिरपायला सुरुवात. "सिस्टर, ग्लू." सिस्टरनी दिला. प्लंजर दाबतो तर हलेना. मधल्या दोन मिनिटांत टोकातच ग्लू गोठलेला. टोक बदललं. अर्धा मिली सोडला, जरा थांबून पाहिलं, पुन्हा दाबलं तर पुन्हा बंद. घरातली झटपट चिकटवायची ट्यूब एकदा उघडली की दुसऱ्यांदा हाती लागते ती दगड होऊनच, अगदी तसं. किटमधली टोकं संपली. वॉर्डबॉय मामांना फार्मसीत पिटाळलं, ते निरोप घेऊन आले की टोक सुटं मिळत नाही, पूर्ण किट घ्यावं लागेल. एवढ्यात पहिल्या थराखाली रक्त शिरलं होतं. दुधावरची साय बोटाला लागून यावी तसा अख्खा पापुद्रा सक्शनच्या टोकाला लागून वर आला. शेवटी कामाला आला तो डावा हात. घडी केलेला मॉप दहा मिनिटं दाबून धरला, आणि थांबलं.

पेशंट व्यवस्थित घरी गेला. पण माझ्या मनात बसलं ते हे, की ग्लूला एका दमात काम संपवणारा सर्जन हवा असतो आणि लिव्हर ते कधीच एका दमात संपवू देत नाही. थांबायचं, बघायचं, परत लावायचं, असंच चालतं. कुणी म्हणेल, टोकं जास्त ठेवा, हात चालता ठेवा. बरोबर आहे. कदाचित माझीच सवय वाईट असेल.

बाकीच्या कुरबुरी यापुढे किरकोळ. गोठवलेला प्रकार घेतलात तर डीप फ्रीझर आला. थर्माकोलचा डबा भिवंडीच्या गोदामातून निघून कापूरबावडीला दोन तास अडकला तर आत काय उरतं ते उघडल्यावरच कळतं, आणि एकदा वितळलेला ग्लू परत गोठवायचा नाही. पावडरचा प्रकार घेतलात तर विरघळवून 37 अंशांवर आणेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातात. रक्त काही आधी अपॉइंटमेंट घेऊन येत नाही.

ग्लू गॅसच्या दाबाने फवारायच्या स्प्रेबद्दल मात्र गंभीरपणे. लिव्हर कापताना आपण भूलतज्ज्ञांना सीव्हीपी, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब, पाचच्या खाली ठेवायला सांगतो. म्हणजे शिरा उघड्या आणि आत दाब कमी. त्यावर दाबाखालचा गॅस मारायचा, तोही जवळून. यातून गॅस एम्बॉलिझम (गॅसचा बुडबुडा रक्तात शिरून अडकणं) होऊन मृत्यू झाल्याची नोंद आहे, म्हणून किटबरोबर अंतराची आणि दाबाची मर्यादा छापलेली असते. आमच्या भूलतज्ज्ञ मॅडम स्प्रेची नळी दिसली की नुसत्या माझ्याकडे बघतात. मी थेंबाथेंबाने लावतो.

आता पॅच. पाकीट फाडलं की तयार. मोठा आकार साडेनऊ बाय पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास. एक बाजू पांढरी, एक पिवळी. पिवळा रंग रायबोफ्लेविनचा, औषधाची बाजू कुठली हे कळावं म्हणून दिलेला. आमच्याकडे एका रेसिडेंटने घाईत पांढरी बाजू लिव्हरवर ठेवली होती. तेव्हापासून पॅच हातात देताना सिस्टर मोठ्याने म्हणतात, "हळद आत!" आता अख्खी ओटी (ऑपरेशन थिएटर) म्हणते.

कात्री कोरडी, चिमटा कोरडा, आणि कड जखमेच्या पलीकडे सेंटिमीटरभर तरी जाईल इतका तुकडा. ठेवला की ओल्या गॉजने तीन मिनिटं दाबायचं. घड्याळ लावून. दाबणाऱ्याला तीन मिनिटं नेहमी दीड मिनिटातच पूर्ण झाल्यासारखी वाटतात.

पॅचचाही त्रास आहे. ग्लोव्हजला रक्त असेल तर तो लिव्हर सोडून तुमच्या बोटाला चिकटतो. हात उचलला की पॅच हातात आणि जखम पुन्हा उघडी. यावर उपाय सोपा आहे, आधी ग्लोव्हज सलाइनने धुवायचे, आणि गॉज उचलताना खाली सलाइन सोडत, पॅचची कड चिमट्याने धरून एका बाजूने सोलायचं. दोन-तीन केसेसमध्ये हात बसतो. ग्लूच्या टोकाला असा उपाय मला अजून सापडलेला नाही. आणि पॅचचा एक कोपरा झिरपलाच तर उरलेला कोरडा तुकडा त्यावर चढवायचा. दुसरी वेळ पहिल्याइतकीच सोपी जाते. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

खर्चात पॅच जड पडतो, हे लपवण्यात अर्थ नाही. मोठ्या पृष्ठभागाला दोन लागले की बिलाचा कागद नातेवाइकांपुढे ठेवताना आपलाच हात जरा अडखळतो. महात्मा फुले योजनेच्या पेशंटला पॅकेज ठरलेलं, वरचा भार हॉस्पिटलवर. शिवाय पॅचही 25 अंशांखालीच ठेवायचा असतो. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या स्टोअरमध्ये तो राहिला तर त्याच्यावर कसा विसंबणार?

संमतीपत्राच्या वेळी अजून एक. दोन्हींत मानवी प्लाझ्मा असतो. पॅचमधलं कोलॅजेन बहुधा घोड्याचं, जिलेटिनचे प्रकार गायीचे किंवा डुकराचे. ठाण्यात जैन कुटुंबं आहेत, मुंब्र्याहून पेशंट येतात, माळकरी येतात. आदल्या दिवशी सांगितलं तर बहुतेक जण समजून घेतात. नंतर कळलं तर मात्र घेणार नाहीत, आणि त्यांचं चुकत नाही.

बाकी पर्यायांपैकी जिलेटिन-थ्रॉम्बिनची पेस्ट खोल खड्ड्यातल्या वाहत्या रक्तात चांगली, पण तिला पेशंटचंच फायब्रिनोजेन लागतं. ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजची जाळी स्वस्त, प्रत्येक ओटीत असते, मीही वापरतो. फक्त आत किती ठेवली ते नोट्समध्ये लिहा. आमच्या एका पेशंटला आठव्या दिवशी ताप आला, सीटीत हवेचे बुडबुडे दिसले, रिपोर्टमध्ये गळू आलं. ड्रेन घालायची तयारी झाली होती. ती जाळीच होती.

कागदावर काय आहे, तेही सांगायला हवं. स्पेनमध्ये 300 पेशंटांवर (2007) आणि नेदरलँड्समध्ये 310 पेशंटांवर (2012) फायब्रिन सीलंटच्या (ग्लूच्या) चाचण्या झाल्या. दोन्हींत पित्तगळती किंवा नंतरच्या गुंतागुंती कमी झाल्याचं दिसलं नाही. पॅचच्या बाजूला 2005 ची एक चाचणी आहे, आर्गॉन बीमशी (आर्गॉन वायूतून वीज सोडून रक्त थांबवायच्या यंत्राशी) तुलना करणारी. रक्त थांबायला पॅचने सरासरी 3.9 मिनिटं घेतली, आर्गॉनने 6.3. जवळपास अडीच मिनिटं वाचली, एवढंच. म्हणून प्रत्येक केसमध्ये सवयीने लावू नका. माझ्याकडे निम्म्याहून जास्त वेळा पाकीट न फाडताच परत कपाटात जातं.

तेव्हा खारघरच्या मित्रा, उघड्या ऑपरेशनसाठी सुरुवातीला दोन पॅच घे, आणि सेल्युलोज तर असेलच. दुर्बिणीने लिव्हर करायला लागलास की पावडरचं एक ग्लू किट मागव, फ्रीझरच्या भानगडीत पडू नकोस. टोकं किती येतात ते मागवण्याआधी डीलरला विचार, आणि पॅचची एक्स्पायरी दर महिन्याला स्वतः बघ. ते काम मामांवर सोडू नकोस.