‘सीमा’ इंग्रजीत लिहिताना: बॉर्डर, बाउंडरी, लिमिट की फ्रंटियर?

मराठीत शेताची सीमा असते, गावाची असते, राज्याची असते, देशाची असते आणि सहनशक्तीचीही असते. हद्द, शीव, बांध, वेस, मर्यादा, सरहद्द असे अधिक नेमके शब्द आपल्याकडे आहेत, पण आजच्या लेखनात बहुतेक ठिकाणी ‘सीमा’ या एकाच शब्दावर काम भागवले जाते आणि वाचकाला संदर्भावरून अर्थ कळतो. तोच मजकूर इंग्रजीत लिहिण्याची वेळ आली की मात्र अडचण उभी राहते, कारण तिथे बॉर्डर, बाउंडरी, लिमिट आणि फ्रंटियर हे चार शब्द समोर येतात आणि शब्दकोश त्यांतील प्रत्येकापुढे ‘सीमा’ हाच अर्थ देतो. भाषांतर करणाऱ्याला, इंग्रजी वृत्तपत्रासाठी बातमी लिहिणाऱ्याला किंवा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला यांतून निवड करावीच लागते.

खरी ओढाताण पहिल्या दोन शब्दांत आहे, म्हणून त्यांच्याकडे अधिक लक्ष देतो. बॉर्डर हा शब्द मूळचा काठाचा आहे. जुन्या फ्रेंच भाषेत त्याचा संबंध वस्तूच्या कडेशी होता, आणि साडीच्या काठाला आपण आजही बॉर्डर म्हणतो तो अर्थ त्या मुळाला धरूनच आहे. पैठणीचा काठ कितीही अरुंद असला तरी त्याला रुंदी असते, त्यावर नक्षी असते आणि तो साडीचाच भाग असतो. देशाच्या बॉर्डरचेही तसेच आहे. तो शब्द वापरला की केवळ रेषा सांगितली जात नाही, तर त्या रेषेलगतचा पट्टा, तिथली गावे, चौक्या, रस्ते आणि माणसे हे सारे त्यात येते. १९६५ साली स्थापन झालेल्या सीमा सुरक्षा दलाच्या इंग्रजी नावात बॉर्डर हा शब्द आहे, आणि १९६० सालच्या सीमा रस्ते संघटनेच्या नावातही तोच आहे, कारण या दोन्ही संस्थांचे काम त्या पट्ट्यात चालते.

बाउंडरी ही त्याउलट रेषा आहे. आपल्या भागातला बांध काही फूट रुंद असेल, त्यावर झाडेही असतील, पण भूमापक जी बाउंडरी दाखवतो ती नकाशावर एक रेघ असते आणि तिला रुंदी नसते. ती दोन गोष्टी वेगळ्या करते आणि तिथेच तिचे काम संपते. म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या इंग्रजी पाठात जमिनीच्या हद्दी आणि हद्दीच्या खुणा यांसाठी बाउंडरी हा शब्द आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३ मध्ये संसदेला राज्यांच्या सीमांमध्ये फेरफार करण्याचा जो अधिकार दिला आहे, तिथेही इंग्रजी शब्द बाउंडरीच आहे. १९४७ साली पंजाब आणि बंगाल यांची विभागणी करण्यासाठी सिरिल रॅडक्लिफ यांच्या अध्यक्षतेखाली जे दोन आयोग नेमले गेले त्यांच्या नावात बाउंडरी होती, कारण त्यांच्याकडे रेषा ठरवण्याचे काम होते. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पुढे जे घडले, ते लिहिताना मात्र बॉर्डर हाच शब्द योग्य ठरतो. भारत आणि बांगलादेश यांच्यातील १९७४ च्या कराराच्या नावातही बाउंडरी आहे, आणि २०१५ साली शंभराव्या घटनादुरुस्तीनंतर ज्या छिटमहालांची, म्हणजे एका देशाच्या भूमीने वेढलेल्या दुसऱ्या देशाच्या तुकड्यांची, अदलाबदल झाली तीही त्याच रेषेच्या निश्चितीचा भाग होती.

हा फरक आपल्याला सर्वांत जवळून भिडतो तो महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातील प्रश्नात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले, १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, त्याने १९६७ मध्ये अहवाल दिला आणि २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयासमोर आहे. मराठीत आपण यासाठी ‘सीमाप्रश्न’ आणि ‘सीमाभाग’ असे दोन शब्द वापरतो आणि दोन्हींत ‘सीमा’ एकच असते. इंग्रजीत लिहिताना मी मात्र इथे दोन वेगळे शब्द घेतो. न्यायालयापुढचा वाद रेषा कुठून जावी याचा आहे, म्हणून तो बाउंडरीचा वाद. बेळगाव, निपाणी, खानापूर या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी माणसांचा प्रदेश हा बॉर्डरचा प्रदेश आहे, त्याला बाउंडरीचा प्रदेश म्हणता येत नाही, कारण रेषेवर कोणी राहत नाही. इंग्रजी वृत्तपत्रे वादालाही सर्रास बॉर्डरचा वाद म्हणतात आणि ते चूक ठरत नाही, परंतु कायद्याच्या किंवा संशोधनाच्या लेखनात ही ढिलाई टाळलेली बरी. ज्या लोकांच्या आयुष्याचा हा प्रश्न आहे, त्यांच्याविषयी लिहिताना शब्द सैल असू नयेत असे मला मनापासून वाटते.

व्याकरणाच्या दृष्टीनेही हे दोन शब्द एकसारखे चालत नाहीत, आणि चुका बहुधा इथेच होतात. बॉर्डर हा शब्द नाम आणि क्रियापद अशा दोन्ही प्रकारे वापरता येतो. महाराष्ट्र गोव्याला लागून आहे हे सांगताना क्रियापद घेतले तर त्यापुढे थेट गोव्याचे नाव येते, मध्ये ‘विथ’ लागत नाही. नाम घेतले तर मात्र ‘विथ’ हवे. आपल्या ‘च्याशी’ आणि ‘ला लागून’ या प्रयोगांच्या सवयीमुळे क्रियापदापुढेही ‘विथ’ घातले जाते, ते काढून टाकावे. बाउंडरी हे क्रियापद होत नाही. त्यासाठी ‘बाउंड’ हे रूप आहे, आणि खरेदीखतातील चतुःसीमा इंग्रजीत लिहिताना मिळकत पूर्वेला अमुक गटाने, पश्चिमेला रस्त्याने ‘बाउंडेड’ आहे अशी रचना केली जाते. दोन गोष्टींची नावे घ्यायची असतील तर बाउंडरीपुढे ‘बिटवीन’ येते, एकाच गोष्टीची कड सांगायची असेल तर ‘ऑफ’.

माणसामाणसांतील अंतर, घर आणि नोकरी यांच्यातील भेद, किंवा स्वतःसाठी घालून घेतलेली रेघ यांविषयी अलीकडे बरेच लिहिले जाते. तिथे बाउंडरी हाच शब्द हवा आणि तो बहुधा अनेकवचनी असतो. बॉर्डर तिथे अजिबात बसत नाही. आनंदाला पारावार उरला नाही हे सांगायचे असेल तर मात्र यांपैकी काहीच चालत नाही. तिथे ‘बाउंड्स’ हे रूप लागते.

लिमिटचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. या शब्दात पलीकडे काय आहे याचा विचारच नसतो, आपला अधिकार किंवा आपले बळ कुठे संपते एवढेच त्यात असते. पोलीस ठाण्याची हद्द, महापालिकेची हद्द, वेगाची मर्यादा यांसाठी भारतीय इंग्रजीत लिमिट किंवा त्याचे अनेकवचन रूढ आहे. सागरी कायद्याविषयीच्या लेखनात हा भेद फार स्वच्छ ठेवला जातो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा प्रादेशिक समुद्र जिथे संपतो ती बाहेरची कड म्हणजे लिमिट, कारण त्यापलीकडे दुसऱ्या देशाचा प्रादेशिक समुद्र असेलच असे नाही. पण दोन देशांचे पाणी एकमेकांना भिडते तिथली रेषा म्हणजे बाउंडरी. भाषांतरात अडखळायला झाले, तर पलीकडे दुसरा कोणी आहे का हे पाहावे. असेल तर बाउंडरी, नसेल तर लिमिट.

फ्रंटियरच्या बाबतीत मराठीनेच आपल्याला वाट दाखवून ठेवली आहे. खान अब्दुल गफार खान यांना आपण सरहद्द गांधी म्हणतो, सीमा गांधी म्हणत नाही. वायव्य सरहद्द प्रांत १९०१ साली निर्माण झाला आणि २०१० मध्ये त्याचे नाव खैबर पख्तुनख्वा झाले. १९२८ पासून मुंबईहून पेशावरकडे जाणारी फ्रंटियर मेल त्याच अर्थाचे नाव घेऊन धावत होती. सत्तेचा अंमल जिथे विरळ होत जातो असा दूरचा मुलूख हा त्या शब्दाचा आशय आहे, आणि ‘सरहद्द’मध्ये तो बराचसा उतरतो. अमेरिकेत याच शब्दाला वस्ती पुढे सरकत जाण्याचा अर्थ चिकटला, आणि त्यातून ज्ञानाच्या किंवा विज्ञानाच्या अजून न ओलांडलेल्या कडेसाठी तो वापरला जाऊ लागला. आजच्या दोन देशांमधील साध्या हद्दीसाठी फ्रंटियर लिहू नये. ब्रिटिश लेखनात तसा वापर आढळतो, पण आपल्याकडच्या वाचकाला त्यातून जुन्या साम्राज्याची आठवण होते.

लेखनातील एक चूक इतकी वारंवार दिसते की ती सांगितली पाहिजे. बॉर्डरच्या स्पेलिंगमध्ये ओ नंतर ए घातला की त्याचा अर्थ वसतिगृहात किंवा खाणावळीत राहणारा असा होतो, आणि संगणकाची तपासणी तो बरोबर म्हणून सोडून देते. बाउंडरीत उलट घडते: डी आणि आर यांच्यामधला ए उच्चारात ऐकू येत नाही म्हणून लिहिताना गळतो.

दसऱ्याच्या सीमोल्लंघनासाठी शब्द निवडताना मी बराच वेळ बॉर्डर आणि बाउंडरी यांत घुटमळलो होतो. मोहिमेवर निघालेले सैन्य शेवटी दुसऱ्याच्या मुलखात शिरत असे, म्हणून बॉर्डर जवळचा वाटला. पण आज शिलंगणाला निघालेली माणसे गावाची वेस ओलांडून आपट्याकडे किंवा शमीकडे जातात आणि सोने लुटून घरी परततात. ती गावाची रेषा ओलांडतात, परक्या मुलखात पाऊल ठेवत नाहीत. मी बाउंडरी लिहिले.