कर्ण बरोबर ५० भरला, तरी आमचा प्लॉट सव्वाचार फूट दुसऱ्याच्या शेतात

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यात शेतजमिनीत पाडलेले प्लॉट जे घेत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. रांगेतला शेवटचा प्लॉट घेणाऱ्यांनी तर जरूर वाचावं. आमची फसवणूक कागदात झाली नाही, मोजणीत झाली. कागद तपासायला आपण वकील लावतो, मोजणी तपासायला कुणीच लावत नाही.

खानापूर रोडच्या बाजूला भाताचं शेत मोडून लेआउट पाडला होता. २० फुटी रस्ता आणि एका रांगेत आठ प्लॉट. उतारा खरा, एनएची ऑर्डर खरी. वकिलांनी दोन्ही बघून होकार दिला. विकणाऱ्याने लेआउटच्या नकाशाची झेरॉक्स दिली, त्यात आमचा आठवा प्लॉट ३० बाय ४० होता आणि खरेदीपत्रातही तेच माप आलं. जागेवर नेऊन त्याने मोबाईलवर ‘दिशांक’, म्हणजे सर्व्हे नंबर दाखवणारं कर्नाटक सरकारचं अ‍ॅप, उघडून दाखवलं. आम्ही उभे होतो तिथे अगदी बरोबर सर्व्हे नंबर दिसत होता. तो दिसणारच होता. मोबाईलचं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे होतं आणि आमचा घोळ जेमतेम सव्वा मीटरचा. त्या अ‍ॅपवरून शेत कुठलं ते कळतं, बांध कुठे आहे ते कळत नाही.

मोजणीचा माणूस विकणाऱ्यानेच पाठवला. तिपाईवर टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र, एका पोराच्या हातात प्रिझमची काठी, आणि संध्याकाळपर्यंत दशांशाच्या तीन घरांपर्यंत आकडे असलेला रंगीत नकाशा. “बाई, मशीन हाय हे, चुकत न्हाई. मिलिमीटरात दाखवतंय बघा,” असं तो म्हणाला. मग त्याने आमच्या ह्यांच्याच हातात टेप दिली. समोरासमोरच्या बाजू ३०-३० आणि ४०-४०, दोन्ही कर्ण ५०. मी शाळेत गणित शिकवते. ३-४-५ चा त्रिकोण फळ्यावर काढण्यात माझी हयात गेली. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्णही सारखे आले म्हणजे कोपरे काटकोनात आहेत, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. गवंड्यानेही बुर्ज्या बांधून, दोऱ्या ताणून पायाच्या आखणीची फक्की मारली, तेव्हा तोच कर्ण पुन्हा मोजला आणि तो बरोबर आला.

पण समान कर्णावरून फक्त आकार सिद्ध होतो, जागा नाही. तोच चौकोन उचलून तुम्ही पलीकडच्या गावच्या माळावर ठेवलात तरी कर्ण ५०च भरणार. टोटल स्टेशनचंही तेच. ते कोन आणि अंतर अचूक मोजतं, पण कुठल्या खुणेवर उभं आहे आणि मागची कुठली खूण बघून दिशा धरायची, हे त्याला माणूस सांगतो. सांगितलेली सुरुवात खोटी असेल तर पुढचे सगळे आकडे त्या खोट्या सुरुवातीपासून अचूक येतात. त्या माणसाने सुरुवात केली होती पूर्वेच्या कोपऱ्यावरच्या एका दगडापासून, आणि तो दगड विकणाऱ्यानेच शेजारच्या शेतात सरकवून रोवलेला होता.

भूमापनाचा पहिला नियम आहे मोठ्याकडून लहानाकडे जाण्याचा. आधी सगळ्या क्षेत्राच्या कडेच्या पक्क्या खुणा ठरवायच्या, मग त्यांच्या आत लहान तुकडे बसवायचे. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासजवळ पायारेषा मोजून देशाची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली ती याच रीतीने: आधी मोठे त्रिकोण, त्यांच्या पोटात लहान. असं केलं की लहान तुकड्यातली चूक त्या तुकड्यातच राहते. उलट लहान तुकडे एकमेकांना जोडत बाहेर गेलं की चुका साठत जातात आणि सगळ्यात शेवटच्या तुकड्यात बाहेर पडतात. चूक मुद्दाम केलेली असेल तर ती लपवायलाही तोच शेवटचा तुकडा बरा पडतो.

आमच्या बाबतीत हे गणित जुन्या टिपणाने, म्हणजे शेताच्या मापांच्या सरकारी नोंदीने, उघड केलं. आपला भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे इथली जुनी महसुली मोजणी मुंबईच्या पद्धतीची आहे. साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. टिपणावर आमच्या शेताची रस्त्याकडची रुंदी होती ७ साखळ्या १२ आणे. सात साखळ्यांचे २३१ फूट, बारा आण्यांचे पाऊण साखळी म्हणजे २४ फूट ९ इंच. एकूण २५५ फूट ९ इंच. आता विकलेली रुंदी बघा: आठ प्लॉट ३० फुटांचे म्हणजे २४०, त्यात २० फुटांचा रस्ता, झाले २६०. सव्वाचार फूट जमीन त्या शेतात नव्हतीच, ती शेजाऱ्याच्या शेतातून घेऊन आम्हाला विकली होती. पुढे मंजूर लेआउटची सही-शिक्क्याची नक्कल आम्ही स्वतः अर्ज करून काढली, तेव्हा त्यात आठवा प्लॉट २५ फूट ९ इंच बाय ४० असाच दाखवलेला निघाला. आम्हाला दिलेल्या झेरॉक्समध्ये आकडा बदलला होता. खरेदीपत्रातल्या १२०० चौरस फुटांपैकी १०३० आमचे, १७० दुसऱ्याचे.

हे सगळं कळलं मिरगाला. शेजारच्या शेताचे मालक तात्या उन्हाळाभर मुलाकडे होते. पेरणीसाठी परत आले तर त्यांच्या बांधावर आमचा मुरूम आणि आमच्या कॉलमच्या सळ्या. ते भांडले नाहीत, याचं मला आजही अप्रूप वाटतं. म्हणाले, “बाई, तुमची चूक न्हाई ही, पर माझा बांध मला मिळायला पायजे.” त्यांनी हद्दबस्तासाठी, म्हणजे सरकारी मोजणीने हद्द ठरवून घेण्यासाठी, अर्ज केला. लगतच्या सगळ्यांना नोटिसा आल्या आणि सरकारी भूमापक आले. मी मुद्दाम रजा काढून उभी राहिले. ते आमच्या प्लॉटकडे आधी आलेच नाहीत. तीन सर्व्हे नंबर जिथे मिळतात त्या कोपऱ्यावरचा जुना दगड त्यांनी झुडपं तोडून शोधला, मग त्याच्या समोरचा. दोघांमधलं अंतर टिपणाशी जुळवलं, तिसऱ्या दगडावरून पडताळलं आणि मगच पूर्वेच्या बांधावर आले. जो माणूस थेट तुमच्या प्लॉटच्या कोपऱ्यावर तिपाई मांडून कामाला लागतो, त्याचं काम तिथेच थांबवा.

आता दुसरी फसवणूक. ती पैशांत मोठी, आणि पकडायला जास्त अवघड.

जागा सखल होती, भराव लागणार होता. मुरूमवाला आणि मोजणीवाला दोघे एकमेकांच्या ओळखीचे. ठरलं असं की डंपर मोजायचे नाहीत, रोलर फिरवून दाबल्यावर जागेवर जेवढा भरेल तेवढ्या ब्रासचे (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) पैसे द्यायचे. पद्धत म्हणून ही योग्यच आहे, कारण सुटा मुरूम दाबल्यावर बराच बसतो. मोजणीवाल्याने भरावाआधी रस्त्याच्या मोरीचा कट्टा १०० फूट धरून लेव्हल घेतली. लेव्हलच्या कामात अशी एक पक्की खूण ठरवून तिला सोयीचा आकडा देतात, तिला बेंचमार्क म्हणतात, त्यात काही वावगं नाही. जमीन सरासरी ९६ आली. भराव दाबून झाल्यावर पुन्हा लेव्हल घेतली, ती आली १००.५. म्हणजे साडेचार फूट भराव. १२०० चौरस फुटांवर फुटाला १२ ब्रास, एकूण ५४ ब्रास. कागदावरचा गुणाकार मीच तपासला आणि तो बरोबर होता.

पहिल्या मोठ्या पावसात खड्ड्यांभोवती पाणी तुंबलं आणि हटेना. कागदाप्रमाणे आमची जागा मोरीच्या कट्ट्याहून अर्धा फूट उंच होती. उंच जागेवर रस्त्याचं पाणी कसं येईल? गवंड्याने पाण्याची नळी आणली. पारदर्शक लांब नळी, दोन्ही तोंडं उघडी, आत हवेचा बुडबुडा नको. एवढी काळजी घेतली की दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला उभं राहतं, तिथे कुणाचा शब्द चालत नाही. मोरीचा कट्टा आमच्या भरावाहून एक फूट वर निघाला. म्हणजे भरावाची खरी लेव्हल ९९ आणि भराव तीन फूट, ३६ ब्रास. अठरा ब्रासचे पैसे आम्ही न आलेल्या मुरमाचे दिले होते.

हे केलं कसं, ते नळीनेच सापडलं. दुसऱ्या वेळी त्याने मोरीचा कट्टा घेतलाच नव्हता. आमच्या प्लॉटजवळ एका दगडावर लाल रंगाने ‘बीएम १००’ (बीएम म्हणजे बेंचमार्क) लिहिलं होतं, त्यावरून लेव्हल सुरू केली होती, आणि तो दगड मोरीच्या कट्ट्याहून दीड फूट खाली आहे. खूण खाली आणि आकडा तोच, म्हणून भराव दीड फूट वर दिसला. दोन्ही कागदांवर फक्त ‘बीएम १००’ लिहिलेलं आहे, ती खूण कुठली याचं वर्णन एकावरही नाही. नीट केलेल्या कामात खुणेचं वर्णन असतं, एका खुणेवरून दुसरीवर गेलात तर दोघांतला फरक मोजून लिहिलेला असतो, आणि शेवटी पहिल्याच खुणेवर परत येऊन वाचन घेतात. सुरुवातीचा आकडा पुन्हा आला नाही तर मधलं सगळं काम परत करायचं. हे परत येणं आमच्या कागदात कुठेच नव्हतं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे. मोजणीवाला विकणाऱ्याचा किंवा ठेकेदाराचा घेऊ नका. परवानाधारक भूमापकांची नावं भूमापन खात्याकडे असतात, तिथे विचारा. टिपणाची नक्कल स्वतः काढा, साखळ्या आणि आणे फुटांत करून बघा आणि त्या रुंदीत सगळे प्लॉट रस्त्यासकट मावतात का ते बेरीज करून पाहा. शेताच्या तुकड्याची खरेदी असेल तर ११-ई नकाशा, म्हणजे त्या तुकड्याच्या मोजणीचा सरकारी नकाशा, हातात आल्याशिवाय विसार देऊ नका. मोजणीच्या वेळी शेजारच्या शेतमालकाला बोलवा. आपल्या बांधाची जाण त्याच्याइतकी कुणालाच नसते. खुणेच्या दगडांचे, मागे एखादी न हलणारी वस्तू दिसेल असे फोटो काढून ठेवा. आमच्या फिर्यादीत त्या लाल दगडाचा फोटोच सगळ्यात कामी आला.

खानापूरकडच्या उताराच्या जमिनीत आणखी एक गोष्ट बघा. अंतर नेहमी सपाटीत धरतात. टेप जमिनीला टेकवून उतारावर ओढली तर आकडा फुगतो. चार फुटांना एक फूट उतार असेल तर तिरकं मोजलेलं ४० फूट सपाटीत जेमतेम ३८ फूट १० इंच भरतं. टेप आडवी धरून, टोकाला ओळंबा सोडून, टप्प्याटप्प्याने मोजायला सांगा. कुणी कंटाळा केला तर तुम्ही स्वतः टेप धरा.

आमचं पुढे असं झालं. घर हद्दीपासून तीन फूट सोडून आखलेलं होतं, तरी पूर्वेची भिंत सव्वा फूट तात्यांच्या शेतात जात होती. त्या ओळीची फुटिंग, म्हणजे कॉलमखालचे पाये, फोडावी लागली. त्यांच्या १७० चौरस फुटांवरचा पाच ब्रासहून जास्त मुरूम उचलून बांध पुन्हा घालून दिला. इंजिनिअर बदलला, २५ फूट ९ इंचांत नवा प्लॅन बसवला आणि जोतं मोरीच्या कट्ट्यावरून लेव्हल घेऊन वर उचललं. विकणाऱ्यावर आणि मोजणीवाल्यावर फसवणुकीची फिर्याद दिली आहे, ते काम चालू आहे. मोजणीवाल्याकडे कसलाही परवाना नव्हता.

त्या रांगेतल्या बाकीच्या सात जणांपैकी काहींनी अजून पाया काढलेला नाही. तुमच्या हद्दी कदाचित ठीक असतील, पण भराव त्याच माणसाने मोजलेला आहे. तुमच्या कागदावर शेवटची लेव्हल १०० च्या वर दिसत असेल, तर मोरीच्या कट्ट्यापासून नळी लावून ती पुन्हा बघा, आणि मुरूमवाल्याची बाकी द्यायची राहिली असेल तर तोवर देऊ नका.