घरगुती ब्रेड मेकर: पाव का बसतो, दगड का होतो, आणि त्यात यंत्राचा दोष किती

बाजारात मिळणारे बहुतेक घरगुती ब्रेड मेकर आतून सारखेच असतात. तळाशी मोटर, डब्याभोवती तापणारी कॉइल, एक तापमानाचा सेन्सर आणि एक घड्याळ. साडेपाचशे ते सातशे वॅट वीज, काढता येणारा नॉनस्टिक डबा, पीठ मळणारं एक पॅडल, बारा ते एकोणीस प्रोग्रॅम. हे यंत्र घेण्याजोगं आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण ते घेतलेल्यांपैकी कितीतरी जण तीन-चार पाव बिघडले की त्याला माळ्यावर टाकतात. कारण एकच: यंत्र ठरलेल्या वेळेवर चालतं. पीठ फुगलं आहे की नाही, हे त्याला कळत नाही. मळायची वीस मिनिटं संपली की थांबायचं, आंबायचा तास संपला की भाजायला घ्यायचं. म्हणजे आपण डब्यात जे घालतो ते त्या घड्याळाशी जुळणारं हवं.

आणि इथेच पुस्तिका दगा देते. बहुतेक पुस्तिकांतल्या पाककृती परदेशी ब्रेड फ्लोअर धरून लिहिलेल्या असतात. त्या पिठात प्रथिनं 12 ते 13 टक्के असतात. आपल्याकडच्या साध्या मैद्यात ती साधारण 9 ते 10.5 टक्के. कमी प्रथिनांचं पीठ पाणी कमी पितं आणि वायू कमी धरून ठेवतं. त्यामुळे पुस्तिकेतलं पाणी जसंच्या तसं घातलं की पीठ सैल होतं, भराभर वर येतं आणि भाजायला लागताच मधोमध खचतं. शिवाय माप कपात दिलेलं असतं. काही पुस्तिकांचा कप 240 मिलीलीटरचा, तर जपानी मापाचा 200 मिलीलीटरचा. पीठ चाळून भरलं की दाबून भरलं, यावर एका कपात 20-25 ग्रॅमचा फरक सहज पडतो. म्हणून यंत्राबरोबर घ्यायची पहिली वस्तू म्हणजे एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा. तो नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

मैद्याच्या पावासाठी भरवशाचं माप असं: मैदा 400 ग्रॅम, पाणी 245 ग्रॅम, साखर 20, तेल किंवा लोणी 20, दूध पावडर 15, मीठ 7 ते 8 आणि इन्स्टंट यीस्ट 4 ग्रॅम. यीस्टचा सपाट छोटा चमचा साधारण 3 ग्रॅमचा असतो, म्हणजे सव्वा चमचा. यासाठी 750 ग्रॅमचा आकार आणि मध्यम रंग निवडावा. सँडविचला लागतो तसा उंच, ताणला तर धागे सुटणारा पाव हवा असेल तर 12 ग्रॅम ग्लुटेन पावडर (गव्हातल्या चिवट प्रथिनांची भुकटी) आणि 15 ग्रॅम जास्तीचं पाणी घालावं. एवढ्याने मैद्यातली प्रथिनं बारा टक्क्यांच्या आसपास जातात.

कणकेचा पाव हे वेगळं प्रकरण आहे. जात्यावर दळलेल्या कणकेत दळताना स्टार्चचे कण मोठ्या प्रमाणात फुटतात. फुटलेला स्टार्च पाणी भरपूर पितो. म्हणून तर पोळीची कणीक मऊ राहते. पावात मात्र आंबवण्याच्या दोन-तीन तासांत तोच स्टार्च विकरांमुळे (एन्झाइममुळे) साखरेत मोडू लागतो, धरलेलं पाणी सोडतो आणि पावाचा गर चिकट होतो. त्यात कोंड्याचे तुकडे ग्लुटेनचे पापुद्रे कापत असतात. गिरणीतून आत्ताच आणलेलं गरम पीठ तर लगेच डब्यात घालूच नये. ते पूर्ण गार होऊ द्यावं आणि मोठा कोंडा चाळून काढावा. लोकवन किंवा सिहोर चालतो. खपली मात्र या यंत्रासाठी घेऊ नये. लापशीला, पोळीला ती उत्तम, पण तिचं ग्लुटेन नाजूक असतं आणि सलग वीस मिनिटांची मळणी त्याला सोसत नाही.

सुरुवात निम्म्या-निम्म्याने करावी: कणीक 200, मैदा 200, पाणी 280 ग्रॅम, बाकी वरीलप्रमाणे. निव्वळ कणकेसाठी 400 ग्रॅमला 300 ते 310 ग्रॅम पाणी आणि 16 ग्रॅम ग्लुटेन पावडर. आधी फक्त पीठ, ग्लुटेन पावडर आणि पाणी तीन-चार मिनिटं मळून यंत्र बंद करावं, अर्धा तास झाकून ठेवावं, मग यीस्ट, मीठ, साखर, तेल घालून प्रोग्रॅम सुरू करावा. त्या अर्ध्या तासात कोंडा भिजून मऊ होतो आणि पावाच्या उंचीत डोळ्यांना दिसेल इतका फरक पडतो. तरीही शंभर टक्के कणकेचा पाव मैद्याच्या पावाइतका उंच होणार नाही. साधारण दोन तृतीयांश उंची मिळाली की तो पाव जमला असं समजावं.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यंत्र सुरू केल्यावर मळणीच्या आठव्या ते दहाव्या मिनिटाला झाकण उघडून बघायचं. मळताना झाकण उघडल्याने काहीही बिघडत नाही. भाजताना मात्र उघडू नये. डब्यात एकच गोळा हवा. तो पॅडलबरोबर फिरताना भिंतीला चिकटतो आणि लगेच सुटतो, तळाशी किंचित माखलेला राहतो, आणि बोट लावलं तर ओलसर लागतो पण बोटाला पीठ येत नाही. गोळ्याचे दोन-तीन तुकडे होऊन डब्यावर ठकठक आपटत असतील किंवा मोटर कण्हत असेल, तर पाणी कमी आहे. एक-एक छोटा चमचा पाणी घालावं आणि प्रत्येक वेळी मिनिटभर थांबावं. गोळा न होता पीठ डब्याच्या तळाशी चिखलासारखं पसरून फिरत असेल तर एक-एक मोठा चमचा मैदा घालावा. कणीक असेल तर घाई करू नये, ती पाणी उशिरा पिते. बाराव्या मिनिटापर्यंत वाट बघून मगच ठरवावं. कोपऱ्यात कोरडं पीठ अडकलं असेल तर सिलिकॉनच्या उलथण्याने याच वेळी खाली ओढून घ्यावं. धातूचा चमचा नको, नॉनस्टिक थर खरवडला जातो.

या तपासणीमागे यंत्राची रचना आहे. 1987 मध्ये जपानच्या मात्सुशिता कंपनीने, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकने, घरगुती यंत्र बाजारात आणलं. त्याआधी ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरच्या हाताखाली त्यांच्या माणसांनी मळणी शिकून घेतली होती. तो कणीक ओढताना पीळ देतो, हे लक्षात आल्यावर डब्याच्या आतल्या बाजूला उभ्या कडा बसवल्या गेल्या. आजही डब्यात असलेल्या कडा हेच काम करतात: फिरता गोळा क्षणभर अडवायचा, म्हणजे पॅडल त्याला ताणतं. गोळा कोरडा असेल तर तो कडांवरून नुसता घरंगळतो आणि सैल असेल तर त्यांच्यावरून वाहून जातो. दोन्ही वेळा मळणी होतच नाही.

पाव बाहेर आल्यावर त्याचा आकार बरंच काही सांगतो. वरचा भाग मधोमध खचला असेल तर पाणी जास्त, यीस्ट जास्त, मीठ विसरलं, किंवा स्वयंपाकघर फार गरम. पुढच्या वेळी आधी 10 ग्रॅम पाणी कमी करावं. तरी खचला तर यीस्ट 4 वरून 3 ग्रॅमवर आणावं. एका वेळी एकच बदल, नाहीतर गुण कशाने आला हे कळत नाही. पाव बुटका आणि जड, वरून खडबडीत असेल तर पाणी कमी होतं किंवा यीस्ट मेलेलं. यीस्टची परीक्षा सोपी आहे: 100 मिलीलीटर कोमट पाण्यात एक चमचा साखर आणि एक चमचा यीस्ट, दहा मिनिटांत जाड फेस आला नाही तर पाकीट टाकून द्यावं. उघडलेलं पाकीट फडताळात नव्हे, हवाबंद डबीत फ्रीजरमध्ये ठेवावं. पाव उंच फुगून बाजूंनी चिमटल्यासारखा आत गेला असेल तर तो भाजून झाल्यावर डब्यातच राहिला. ‘कीप वॉर्म’चा तास हा पावाचा शत्रू आहे: वाफ अडकते, कड मऊ पडते, बाजू आत ओढल्या जातात. शिट्टी वाजल्यावर पाच-दहा मिनिटांत पाव जाळीवर काढावा.

गर चिकट, सुरीला लागणारा असेल तर बहुतेकदा पाव गरमच कापलेला असतो. निदान एक तास गार होऊ द्यावा, कणकेचा असेल तर दोन तास. तरी चिकट असेल तर मधोमध तापमान घ्यावं. खुपसायच्या थर्मामीटरवर 93 ते 96 अंश सेल्सिअस दिसलं पाहिजे. त्याहून कमी असेल तर ‘बेक’ प्रोग्रॅमवर आणखी दहा मिनिटं द्यावीत. वरचा पापुद्रा फिकट राहणं हा मात्र या यंत्रांचा खरा दोष आहे. कॉइल खालच्या बाजूला असल्याने तळ आणि बाजू तांबूस होतात, माथा गोरा राहतो. दूध पावडर आणि साखरेमुळे थोडा रंग येतो, ओव्हनसारखा येत नाही.

आपल्या हवेत तापमानाकडे लक्ष द्यावंच लागतं. मळून झालेल्या गोळ्याचं तापमान 26-27 अंश असावं. 27 ची तिप्पट 81. त्यातून खोलीचं, पिठाचं आणि मळणीच्या उबेचं साधारण 5 अंश वजा करायचे. उरेल ते पाण्याचं तापमान. नागपूरला एप्रिलमध्ये स्वयंपाकघर 36 आणि पीठ 34 अंशांवर असेल तर उत्तर येतं 6, म्हणजे थेट फ्रीजमधलं पाणी. नाशिकच्या थंडीत दोन्ही 18 असतील तर 40 अंशांचं कोमट पाणी. त्याहून गरम नको. साठीच्या आसपास यीस्ट मरतं. उन्हाळ्यात यीस्टही पाव हिश्शाने कमी करावं. पावसाळ्यात पीठ हवेतली ओल धरतं, तेव्हा 400 ग्रॅमला 10 ग्रॅम पाणी कमी पुरतं.

एवढं करूनही प्रोग्रॅमची वेळ जुळत नसेल तर यंत्राच्या घड्याळावर अवलंबून राहूच नये. ‘डो’ प्रोग्रॅमवर मळणी आणि पहिलं आंबवणं करून घ्यावं, साधारण दीड तास. मग ओल्या हाताने गोळा उचलून पॅडल काढून टाकावं, गोळ्याची घट्ट वळकटी करून सांधा खाली ठेवून डब्यात घालावी आणि कडेच्या दोन-तीन सेंटिमीटर खालपर्यंत चढू द्यावी. उन्हाळ्यात हे अर्ध्या तासात होतं, थंडीत सव्वा तास लागतो. मग फक्त ‘बेक’, 50 मिनिटं. तळाला मोठं भोकही पडत नाही. आमच्या मते या यंत्राचा खरा उपयोग हाच आहे.

रात्री भरून सकाळी पाव काढायचा तर टायमर लावताना पाणी तळाशी, त्यावर पीठ, कोपऱ्यांत मीठ आणि साखर, आणि मधल्या कोरड्या खळग्यात यीस्ट. दूध, दही, अंडं टायमरवर नको, आठ तासांत नासतं. पॅनासॉनिकच्या काही यंत्रांत यीस्टचा वेगळा कप्पा असतो, तिथे ही काळजी यंत्रच घेतं.

यंत्राचे स्वतःचे बिघाड थोडे आणि ओळखता येण्यासारखे आहेत. मोटरचा आवाज येतो पण पॅडल फिरत नाही: डबा नीट फिरवून बसलेला नाही किंवा पट्टा सैल झाला आहे. डब्याखाली काळसर ओघळ दिसला तर दांड्याचं सील गेलं. तसं दिसताच वापर थांबवून सील किंवा डबाच बदलावा. पडद्यावर एचएचएच दिसलं तर बऱ्याच यंत्रांत त्याचा अर्थ आतली हवा अजून गरम आहे; झाकण उघडून अर्धा तास थांबावं. ईईई आलं तर सेन्सरचा सांधा सुटलेला असतो, ते काम मेकॅनिकचं. अडकलेलं पॅडल ओढू नये, डब्यात गरम पाणी भरून अर्धा तास ठेवावं. वीज गेल्यावर बहुतेक यंत्रं दहा-पंधरा मिनिटंच प्रोग्रॅम लक्षात ठेवतात. भारनियमनाच्या गावी घेताना हा आकडा विचारून घ्यावा.

अमेरिकेतून आणलेलं यंत्र इथे लावणाऱ्यांसाठी एक सूचना. 110 व्होल्टसाठी निदान 1000 वॅटचा ट्रान्सफॉर्मर लागतोच, पण त्याने वारंवारता बदलत नाही. 60 हर्ट्झची मोटर आपल्या 50 हर्ट्झवर सुमारे 17 टक्के हळू फिरते आणि मळणी कमी पडते. मळणीचा टप्पा संपताच प्रोग्रॅम रद्द करून पुन्हा सुरू केला की भर निघते.

नवीन घेताना एकोणीस प्रोग्रॅमना भुलू नये. नुसतं ‘डो’ आणि नुसतं ‘बेक’ स्वतंत्रपणे लावता येतात का, बेकची मिनिटं बदलता येतात का, झाकणाला काच आहे का, आणि डबा व पॅडल सुटे विकत मिळतात का, एवढं बघावं. नॉनस्टिक थर आणि सील सहसा मोटरच्या आधी जातात. ज्या विक्रेत्याकडे सुटा डबा मिळत नाही त्याच्याकडून यंत्र स्वस्त असलं तरी घेऊ नये.