डिसकॉल की इंडेक्स: डिझर्टेशनसाठी कोणता प्रयोग घ्यायचा?

नागपुरात जिऑलॉजी करणाऱ्या पोरापोरींसाठी लिहून राहिलो. मँगनीज म्हटलं की आपल्याला मनसर, कांद्री, गुमगाव आठवते, आणि समुद्रतळावरच्या नोड्यूल्सचा, म्हणजे मँगनीज असलेल्या गोळ्यांचा विषय निघाला की ते किनाऱ्यावरच्या लोकांचं काम वाटते. तसं काही नाही, गाळ वाचता येणाऱ्या कोणालाही हा विषय जमतो. तिथं खाण चालली तर तळाच्या गाळाचं काय होईल, हे पाहायला दोन प्रयोग चांगले आहेत.

पहिला डिसकॉल. १९८९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी प्रशांत महासागरातल्या पेरू खोऱ्यात ४,१०० मीटरच्या खाली ८ मीटर रुंद नांगर-वखर ७८ वेळा ओढला, साधारण ११ चौरस किमीच्या वर्तुळात. आपल्या शेतात वखरणीच्या रेघा एका पावसाळ्यात बसून जातात, पण तिथं नवा गाळ साचतो हजार वर्षांत काही मिलिमीटर, म्हणून २०१५ ला जहाज परत गेलं तर २६ वर्षांनीही चर स्पष्ट दिसत होते. पण माझ्या मते खरी गोष्ट चर नाही, वरचा थर आहे. वरून पडणारं थोडंफार सेंद्रिय अन्न आणि बहुतेक सजीव वरच्या काही सेंटिमीटरमध्येच असतात, तोच उडाला की खालचा घट्ट, उपाशी गाळ उघडा पडतो आणि लवकर काही सुधरत नाही. चरांमध्ये सूक्ष्मजीवांचं काम चौपटीपर्यंत कमी सापडलं, पूर्ववत व्हायला ५० वर्षांहून जास्त लागतील असा संशोधकांचा अंदाज आहे.

इंडेक्स आपला, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा, १९९७ चा. मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात साधारण ५,४०० मीटरवर ३ किमी लांब आणि २०० मीटर रुंद पट्टा. इथं नांगर नाही, गाळ ढिला करून पंपाने ओढला आणि तळापासून थोडा वर सोडून दिला, म्हणजे गढूळ पाण्याचा लोट (प्लूम) मुद्दाम तयार केला. मग तो किती दूर गेला, कुठं बसला, कणांचा आकार आणि गाळातलं पाणी कसं बदललं, हे प्रश्न येतात, आणि सेडिमेंटॉलॉजीवाल्याला, म्हणजे गाळाचा अभ्यास करणाऱ्याला, ते घरचेच.

दोन्हींत एक कमतरता सारखीच: नोड्यूल्स उचलून बाहेर काढलेच नाहीत, डिसकॉलमध्ये तर ते गाळात पुरले गेले. नोड्यूल दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो, त्यामुळे त्याला चिकटून राहणाऱ्या जीवांचं काय, हे या दोघांवरून पूर्ण कळत नाही.

मी इंडेक्स घेईन. नोड्यूल्स शोधायचं भारताचं ७५,००० चौरस किमीचं कंत्राटी क्षेत्र त्याच खोऱ्यात आहे, वराह हे आपलं खाणयंत्रही २०२१ मध्ये तिथंच ५,२७० मीटरवर चालवून पाहिलं, म्हणजे उद्या खरंच काम सुरू झालं तर हाच गाळ ढवळला जाणार. फक्त नंतरच्या काही वर्षांच्या सॅम्पलवरून ‘गाळ सावरला’ असं लिहू नका, तेवढा काळ फार कमी आहे, त्यासाठी डिसकॉलचे आकडे शेजारी ठेवा. सूक्ष्मजीवांची आवड असेल तर मात्र सरळ डिसकॉलच घ्या.