तपासणीत चूक सापडली, तर रेझ करावं की यील्ड?

बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या क्लासमध्ये मुलांचा पायथन कोड तपासायला एएसटी मॉड्यूलवर (कोडचं झाडासारखं रूप बनवणारा पायथनचा भाग) चालणारं एक छोटं टूल आहे. नियम मोडलेला दिसला की तो तपासणाऱ्या फंक्शनने एक्सेप्शन रेझ करावं (म्हणजे अडचणीचा इशारा देऊन तिथेच थांबावं), की चूक यील्ड करून (म्हणजे बाहेर सोपवून) पुढे जावं? दोन्ही पद्धती मी वापरल्यात.

रेझ करणं मला मनापासून आवडतं. नियम दोन-तीन ओळींत संपतो, आणि कितीही आतल्या हेल्पर (मदतनीस) फंक्शनमधून निरोप थेट वर पोचतो. एक्सेप्शन महाग पडतात ही जुनी तक्रार, पण पायथन ३.११ पासून एक्सेप्शन उठलं नाही तर ट्राय ब्लॉकचा (एक्सेप्शन पकडायला कोडभोवती घातलेल्या चौकटीचा) खर्च जवळपास शून्य आहे. आमच्या फायलींना तर वेगातला फरक कधी जाणवलाच नाही.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. पायथनमध्ये एक्सेप्शन एकदा उठलं की ते पकडता येतं, पण जिथून उठलं तिथे परत जाता येत नाही. नोड-व्हिजिटर (कोडच्या झाडातला एकेक नोड, म्हणजे भाग, तपासणारा) झाडात फिरत असताना रेझ झालं की उरलेल्या फांद्या तशाच राहतात. मुलाने फाइलमध्ये जागोजागी नुसतं ‘एक्सेप्ट:’ (कोणतं एक्सेप्शन पकडायचं ते न सांगता) लिहिलेलं असतं आणि टूल पहिलंच दाखवतं. तो ते सुधारून पुन्हा पाठवतो, मग दुसरं निघतं. “सर, मघाशीच का नाही सांगितलं?” खानापूरला जायची बस गाठायची असलेल्या मुलाच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

प्रत्येक नियमाला वेगळा ट्राय लावला तर इतर नियम चालतात, पण त्याच नियमाची दुसरी चूक हुकतेच. ३.११ मधला एक्सेप्शन-ग्रुप (अनेक एक्सेप्शन्सचा एकत्र गठ्ठा) वापरा असंही कुणी सुचवेल. पण तो बनवायला आधी सगळी एक्सेप्शन्स यादीत गोळा करावी लागतात. यादी हातात आलीच असेल तर ती सरळ परत का देऊ नये? फ्लेक८ या पायथन कोड तपासणाऱ्या टूलचे प्लगइनसुद्धा ओळ, कॉलम आणि मजकूर यील्डच करतात.

शिवाय आम्ही नियमाचा क्रमांक आणि ओळ एवढंच यील्ड करतो. मजकूर मराठीत दाखवायचा की कन्नडमध्ये, ते छापताना ठरतं. एक्सेप्शनमध्येही हे बसवता येईल, पण तिथे वाक्यच लिहून टाकायची सवय लागते.

फाइल पार्सच होत नसेल (कोड वाचून झाडच बनत नसेल), तर मात्र सिंटॅक्स-एररवर थांबणंच योग्य. आणि ‘फंक.आयडी’ (हाक मारलेल्या फंक्शनचं नाव) वाचताना समोर साध्या नावाच्या नेम नोडऐवजी टिंबाने जोडलेल्या नावाचा ॲट्रिब्यूट नोड आला की अ‍ॅट्रिब्यूट-एरर उठतो. तो दोष टूलचा, मुलाचा नाही. यील्डच्या पद्धतीत हा फरक लगेच कळतो.

यील्डमध्ये जपायचं ते एकच. हेल्परला हाक मारताना ‘यील्ड फ्रॉम’ (हेल्परने यील्ड केलेलं पुढे सोपवणारे शब्द) राहिलं, तर तो नियम गुपचूप चालतच नाही आणि फाइल स्वच्छ दिसते. म्हणून प्रत्येक नियमासोबत मुद्दाम चुका घातलेली एक फाइल ठेवा, आणि तीत त्याच नियमाच्या दोन चुका असू द्या.